कुशीवर वळवताना आलेला तो आवाज

पत्र : मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. घणसोलीला राहते, क्लिनिकल पोस्टिंग ठाण्यातल्या एका रुग्णालयात, पुरुष मेडिसिन वॉर्डात आहे. १४ नंबर बेडवर सत्तरीचे एक आजोबा होते, हार्ट फेल्युअरचे. चार दिवस त्यांचं स्पंजिंग, म्हणजे ओल्या कपड्याने अंग पुसणं, मीच करत होते. त्या दिवशी सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी त्यांच्या मुलांना ‘परिस्थिती नाजूक आहे’ असं सांगितलं होतं. दुपारी दीडला आजोबांनी माझ्याकडे चहा मागितला. ‘थांबा, व्हायटल्स घेऊन देते,’ म्हणाले. श्वास २८, नाडी ११२, बीपी १००/६० आलं. चार्टवर लिहिलं आणि पुढच्या बेडकडे गेले. सिस्टरांना वेगळं सांगितलं नाही. सव्वादोनला त्यांचं हृदय थांबलं. सीपीआरमध्ये (छाती दाबून हृदय पुन्हा चालू करायचा प्रयत्न) मीही दोन मिनिटं कम्प्रेशन दिले, तेव्हा छातीत काहीतरी कट्‌कन वाजलं. नंतर बॉडी पॅक करायला मला मदतीला घेतलं. कुशीवर वळवलं आणि आजोबा कण्हले! मी किंचाळून लिनन रूममध्ये पळाले. ‘एवढं रडायचं असेल तर ही लाइन तुझी नाही,’ असं एका सिस्टरांकडून ऐकून घेतलं. चार दिवस झाले, घास उतरत नाही. गाडीत डोळे मिटले की तोच आवाज. ते जिवंत होते का? चहा दिला असता तर? सोमवारी पुन्हा तोच वॉर्ड आहे. शिक्षण सोडून देऊ का?

— घणसोलीची एक विद्यार्थिनी

उत्तर :

आधी त्या आवाजाबद्दल बोलू. तो मनातून गेल्याशिवाय बाकीचं काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही. आजोबा कण्हले नव्हते. मृत्यूनंतरही फुप्फुसांत हवा उरलेली असते. सीपीआरच्या वेळी अंबू बॅगने (हाताने दाबायच्या फुग्याने) श्वास दिले असतील तर पोटातही हवा गेलेली असते. देह कुशीवर वळवला की छातीवर दाब येतो, उरलेली हवा स्वरयंत्रातून बाहेर पडते आणि अगदी कण्हल्यासारखा किंवा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज होतो. घशात स्राव साचला असेल तर गुळगुळ ऐकू येते. कधी एखादं बोट किंवा पापणी थरथरते, तेही स्नायूंमध्ये उरलेल्या हालचालीमुळे. ज्यांनी तुला मदतीला घेतलं त्यांनी वळवण्याआधी हे एका वाक्यात सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू दचकली असतीस, पळाली नसतीस.

मृत्यू घोषित करायचं काम डॉक्टरांचं. ते मानेतली नाडी बघतात, स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके आणि श्वास ऐकतात, डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारतात आणि सरळ रेषेचा ईसीजी काढून तो केस पेपरला लावतात. एवढं झाल्यावरच बॉडी पॅक करायला घेतात. तरीही पुढे कधी खरोखर शंका आली तर हात थांबव आणि ‘सर, एकदा पुन्हा बघता का?’ असं म्हण. त्यासाठी कुणी हसलं तर हसू दे.

छातीतला तो कट्‌ आवाज बहुधा बरगडीचा किंवा तिच्या कूर्चेचा. मोठ्या माणसाला कम्प्रेशन द्यायचे तर छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली दबायला लागते, तेही मिनिटाला १०० ते १२० वेळा. सत्तरीच्या हाडांना हे झेपत नाही, पण कमी दाबलं तर मेंदूपर्यंत रक्त पोचत नाही. आवाज आला की हाताची जागा तपासायची, तळवा उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावरच आहे ना हे बघायचं आणि दाबत राहायचं. दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात, कारण दमल्यावर छाती पुरेशी खोल दाबली जात नाही. तू दोन मिनिटांनी बाजूला झालीस ते बरोबरच केलंस. आणि हेही माहीत असू दे की सगळी साधनं असलेल्या रुग्णालयातसुद्धा हृदय थांबलेले बहुतेक रुग्ण घरी परत जात नाहीत.

आता चहा आणि व्हायटल्स. या दोन गोष्टी तुझ्या मनात एकात एक गुंतल्या आहेत, त्या सुट्या करायला हव्यात.

चहा न दिल्याने आजोबा गेले नाहीत. मिनिटाला २८ श्वास घेणाऱ्या माणसाला घोट गिळायला श्वास रोखावा लागतो, आणि तेवढा वेळही त्याच्याकडे नसतो. घोट श्वासनलिकेत जायची भीती असते. शिवाय हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला दिवसभराचं पाणी बऱ्याचदा मोजून दिलेलं असतं, चहा त्यातच धरतात. पुढच्या वेळी असं कुणी मागितलं तर सिस्टरांना विचार. नाही म्हणाल्या तर गॉज ओला करून ओठ आणि जीभ पुसून दे. धापा टाकणाऱ्याचं तोंड कोरडं पडलेलं असतं आणि पुष्कळदा त्याला तेवढंच हवं असतं. चहा द्यायचा राहिला ही रुखरुख मात्र राहील. चार दिवस ज्यांना आंघोळ घातली त्यांच्याबद्दल ती राहणारच, आणि ती अपराधाची रुखरुख नव्हे.

व्हायटल्सचं तसं नाही. ‘तुझी काहीच चूक नाही’ असं लिहून मोकळं होणं सोपं आहे, पण तुला ते पटणार नाही आणि ते खरंही नाही. श्वास २८ हा आकडा नुसता चार्टवर लिहून पुढे जायचा नसतो. रुग्ण बिघडतोय हे बीपीच्या आधी बऱ्याचदा श्वासाच्या वेगात दिसतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका धोका-गुणांकनात श्वास २५ किंवा जास्त असेल तर ३ गुण, नाडी १११ ते १३० असेल तर २, वरचं बीपी ९१ ते १०० असेल तर २. तुझ्या आजोबांचे सात झाले. सातला तातडीने डॉक्टर बोलवायचा असतो. ऑक्सिजन चालू असेल तर आणखी २.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सकाळीच डॉक्टरांनी नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, म्हणजे हृदय थकलंय हे सगळ्यांना माहीत होतं. पाऊण तासाने फरक पडला असता का, हे कुणीच ठामपणे सांगू शकणार नाही. आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलीचे आकडे त्याच वेळी डोळ्यांखालून घालणं ही वॉर्डातल्या स्टाफची जबाबदारी आहे, तुझी एकटीची नाही. तुझ्या वाट्याचं एवढंच, की पुढच्या वेळी तोंडाने सांगायचं. पद्धत अशी : ‘सिस्टर, १४ नंबर. श्वास २८, नाडी ११२, बीपी १००/६०. सकाळी श्वास किती होता ते चार्टवर बघितलंय, वाढलाय. तुम्ही आत्ता येऊन बघता का?’ बेड, आकडे, आधीपेक्षा काय बदललं, तुम्ही काय करावं असं मला वाटतं. पंधरा सेकंदांचं काम. त्या दुसऱ्या कुणाच्या बेडजवळ अडकल्या असतील तर तिथे जाऊन सांगायचं. आणि श्वास मोजायचा तो पूर्ण एक मिनिट, नाडीवर बोटं तशीच ठेवून, म्हणजे आपण श्वास मोजतोय हे रुग्णाला कळत नाही. तू २८ लिहिलास म्हणजे तू मोजलास. डोळे झाकून ‘२०’ टाकणारे वॉर्डात कमी नाहीत.

हे तुझ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना स्वतःहून सांग. त्या दिवशीच्या चार्टमध्ये मात्र आता एक टिंबसुद्धा वाढवू नकोस. मागाहून घातलेली नोंद ही चुकीपेक्षा मोठी चूक ठरते.

सोमवारी पुन्हा हे काम अंगावर आलं तर हाताला क्रम माहीत असलेला बरा. बॉडी पॅक करताना भीती वाटते ती बहुतेक वेळा ‘आता पुढे काय’ हे माहीत नसल्यामुळे. प्रत्येक रुग्णालयाची पद्धत थोडी वेगळी असते, पण मुळात काम एकच.

सगळ्यात पहिला प्रश्न : एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी मेडिको-लीगल केस, आहे का? लोकलचा किंवा रस्त्यावरचा अपघात, भाजणं, विषबाधा, साप चावणं, मारहाण, किंवा मृत्यूचं कारण संशयास्पद असणं. अपघात होऊन पंधरा दिवस वॉर्डात उपचार झाले आणि मग मृत्यू झाला, तरी तो एमएलसीच. अशा वेळी नळ्या काढायच्या नाहीत, अंग पुसायचं नाही, कपडे फेकायचे नाहीत. ते पोलिसांकडे जातात. घाईत कॅथेटर (लघवीची नळी) काढून टाकणारी, मळकट शर्ट कचऱ्यात टाकणारी विद्यार्थिनी पुढे शवविच्छेदनात सगळ्यांना अडचणीत आणते. तसं काही नसेल तरच पुढचं.

डोळे आणि जबडा लवकर बघावे लागतात. आपल्याकडच्या उकाड्यात अंग आखडायला एक-दोन तासांत सुरुवात होते, आणि ती पापण्या व जबड्यापासूनच. उताणं झोपवून डोक्याखाली एक उशी ठेवायची, नाहीतर रक्त खालच्या बाजूला उतरून चेहरा जांभळा पडतो आणि घरच्यांना शेवटचं दर्शन तसं होतं. पापण्या बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट हलक्या दाबून धरायच्या. राहत नसतील तर ओल्या कापसाचा बोळा. कवळी असेल तर ती आताच बसवायची, नंतर तोंड उघडत नाही. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी किंवा डोक्यावरून गॉजची पट्टी, पण घट्ट नाही, वळ उठतात. नेत्रदानाची इच्छा असेल तर ते कळायला हवं, कारण नेत्रपटल सहा तासांच्या आत काढावं लागतं. तोवर डोळे मिटलेले, वर ओला कापूस आणि पंखा बंद.

मग नळ्या. ऑक्सिजन आणि सलाइन बंद. फोलीज कॅथेटर ओढायचा नाही. सिरिंज लावून फुग्यातलं पाणी सगळं काढायचं, मगच तो अलगद सुटतो. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात गेलेली नळी) काढताना चिमटीत बंद धरायची, नाहीतर आतलं पाणी चेहऱ्यावर सांडतं. सलाइनची सुई काढली की जागेवर कापूस दाबून चिकटपट्टी घट्ट लावायची. आता रक्ताभिसरण थांबलेलं असतं, जागा आपोआप बंद होत नाही, आणि तासाभराने पांढऱ्या चादरीवर लाल डाग दिसला की मुलं घाबरतात. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) किंवा श्वासाची नळी काढायला विद्यार्थिनीने हात लावू नये, स्टाफला करू दे.

कोमट पाणी, साबण, दोन टॉवेल. चेहरा, हात, काखा, आणि जिथे घाण लागली आहे तो भाग. ग्लोव्ह्‌ज, एप्रन, मास्क जिवंत रुग्णाला वापरतो तसेच. कुशीवर वळवताना दोघी हव्यातच. चेहरा आपल्यापासून दुसरीकडे असू द्यायचा आणि तोंडाशी गॉज धरायचा, कारण हवेबरोबर स्रावही येतो. एकीने खांदा आणि कंबर धरायची, दुसरीने पाठ पुसून खालची चादर सरकवायची. कमरेखाली जाड पॅड किंवा डायपर, स्नायू सैल पडल्याने लघवी-शौच होऊ शकतं. नाकात आणि खाली कापूस घालायची पद्धत बऱ्याच वॉर्डांत आहे. घालायचा असेल तर फोर्सेप्सने (चिमट्याने) आतपर्यंत, बाहेरून बोळा दिसायला नको.

वळवण्याआधी ‘आजोबा, कूस बदलते हं’ असं म्हटलंस तरी चालेल. अनुभवी सिस्टर हे सर्रास करतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. त्या एका वाक्याने हात सैल होतात आणि दुसरीलाही कळतं की आता वळवायचंय.

शेवटी ओळखपट्ट्या : नाव, वय, नोंदणी क्रमांक, वॉर्ड, तारीख, वेळ. एक मनगटाला किंवा पायाच्या अंगठ्याला, दुसरी बाहेर चादरीवर. दोघींनी केस पेपर समोर धरून मोठ्याने वाचून ताडून बघायच्या. एकाचा देह दुसऱ्याच्या हाती जाण्याचा घोळ इथेच होतो, शवागारात नाही. चादर तिरकी अंथरून आधी पाय, मग बाजू, चेहऱ्यावरचा पदर सगळ्यात शेवटी, तोही सहज बाजूला करता येईल असा. भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या टणक डब्यात. रक्त सांडलं असेल तर एक टक्का हायपोक्लोराइट ओतून निदान दहा मिनिटं ठेवायचं, मग पुसायचं.

दागिन्यांबाबत एक बारकावा. यादीत ‘सोन्याची चेन’ असं कधी लिहू नये, ‘पिवळ्या धातूची चेन’ लिहावं. सोनं आहे की नाही हे तू ठरवू शकत नाहीस आणि नंतर वाद झाला तर तोच शब्द अंगाशी येतो. मोबाइल, चष्मा, कानातलं यंत्र, आधार कार्ड सगळं लिहून, दोन साक्षीदारांसमोर, नातेवाइकाची सही घेऊन. तुझी सही नाही, स्टाफची.

नातेवाइकांना मृत्यूची बातमी तू द्यायची नाहीस. पण ते तुलाच गाठतील, कारण चार दिवस ओळखीचा चेहरा तुझाच. ‘बाबा कसे आहेत?’ असं विचारलं तर ‘बरे आहेत’ म्हणू नकोस आणि ‘मला माहीत नाही’ही नको. ‘डॉक्टर तुमच्याशीच बोलायला येतायत, बसा, मी इथेच थांबते,’ एवढं पुरे. एक खुर्ची, पाण्याचा ग्लास. बातमी दिल्यावर ‘देवाची इच्छा’, ‘सुटले बिचारे’ वगैरे तू बोलायचं नाहीस. घरचे म्हणाले तर ऐकून घ्यायचं. पॅकिंगच्या आधी विचार : ‘तुमच्यात काही करायचं असतं का?’ कुणाला तुळशीपत्र आणि गंगाजल ठेवायचं असतं. मुस्लिम कुटुंबात अंघोळ घरचे, पुरुषांना पुरुष आणि स्त्रियांना स्त्रिया घालतात, म्हणून आपण घाण लागलेली तेवढी पुसायची आणि बाकी त्यांच्यावर सोडायचं. कुणाला त्रिशरण-पंचशील म्हणायला दहा मिनिटं हवी असतात. पडदा ओढून ती द्यायची.

दाखल्याचं विचारतातच. रुग्णालयातला मृत्यू रुग्णालयच महापालिकेच्या निबंधकाला कळवतं, मुदत २१ दिवसांची, आणि मृत्यूचं कारण डॉक्टर नमुना ४ मध्ये लिहून देतात. दाखला पालिकेतून मिळतो, वॉर्डातून नाही. तू एकच मदत करू शकतेस : ‘नाव आधारवर आहे तसंच लिहिलंय का, एकदा बघा.’ एका चुकलेल्या अक्षरापायी बँक आणि पेन्शनच्या खेपा महिनोन्‌महिने चालतात.

शेजारच्या १३ आणि १५ नंबरनी सगळं पडद्याआडून ऐकलेलं असतं. त्यांनी विचारलं तर ‘दुसऱ्या वॉर्डात हलवलं’ असलं खोटं सांगू नकोस. ‘हो, गेले,’ म्हण आणि त्यांचा बीपी घ्यायच्या निमित्ताने दोन मिनिटं जास्त थांब.

आता तुझं. चार दिवस घास न जाणं, झोपेत आवाज येणं, हे पहिल्या मृत्यूनंतर होतं. बहुतेकींचं दोनेक आठवड्यांत ओसरतं. तोवर भूक नसली तरी वेळेला थोडं खा, वरण-भात, पेज, काहीही. घरी गेल्यावर आधी अंघोळ आणि कपडे बदल, मग मोबाइल. एका मैत्रिणीला सगळं सांग, रुग्णाचं नाव वगळून, आणि लेडीज डब्यात नको, तिथे कोण कुणाची नातेवाईक निघेल सांगता येत नाही. व्हॉट्सॲप स्टेटसवर तर मुळीच नाही. दोन आठवड्यांनंतरही झोप नसेल, वॉर्डाच्या दारातच छाती धडधडत असेल, तर समुपदेशक गाठ. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणंच नको असं मनात आलं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी फोन.

रडण्याबद्दल. डोळ्यांत पाणी येऊन काम चालू राहिलं तर त्यात काही वावगं नाही, नातेवाइकांना त्याचं वाईट वाटत नाही. हुंदके आवरेनासे झाले तर ‘सिस्टर, पाच मिनिटं जाऊन येते’ असं सांगून बाहेर जायचं. न सांगता हात सोडून पळणं तेवढं टाळायचं, कारण तेव्हा दुसरीच्या एकटीच्या हातात देह असतो. तुझ्याबाबतीत चुकलं असेल तर एवढंच. ‘ही लाइन तुझी नाही’ हे वाक्य मनावर घेऊ नकोस. भरलेल्या वॉर्डात दोन सिस्टर, त्यातल्या एकीच्या तोंडून वैतागाने निघालेलं ते वाक्य आहे. त्याला सल्ला समजायचं कारण नाही.

शिक्षण सोडायचं की नाही ते या पोस्टिंगच्या मध्यात ठरवू नकोस. मेडिसिन वॉर्ड म्हणजे सगळं नर्सिंग नव्हे. बालरोग, प्रसूती, ऑपरेशन थिएटर अजून तू पाहिलेलं नसशील. ती पोस्टिंग झाल्यावरही नको वाटलं तर सोड, त्यात कमीपणा नाही.

सोमवारी ड्युटीच्या अर्धा तास आधी पोच आणि इन्स्ट्रक्टरना सांग, ‘पहिला दिवस मला कुणाबरोबर तरी ठेवा.’ ओव्हर (आधीच्या ड्युटीकडून ताबा) घेताना १४ नंबरकडे बघावंच लागेल. तिथे एव्हाना दुसरा कुणीतरी असेल, कदाचित तोही चहा मागेल. आधी त्याचा श्वास मोज.